दहावीचे गणित आणि गुणपत्रिकेवरचा शेरा: राज्य मंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे
तसेच
मा. संचालक,
राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे

स.न.वि.वि.

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य अभ्यासक्रम आराखड्यातील एक तरतूद लोकांसमोर आली आणि काही दिवस तिची मोठी चर्चा झाली. दहावीला गणित व विज्ञान या विषयांत ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी विद्यार्थ्याला उत्तीर्ण धरावे, मात्र अशा विद्यार्थ्याला पुढे गणित किंवा विज्ञानावर आधारलेले शिक्षण घेता येणार नाही असा शेरा त्याच्या गुणपत्रिकेवर नोंदवावा, असे त्या तरतुदीचे स्वरूप होते. नवा अभ्यासक्रम लागू होईल तेव्हा हा बदल अमलात येईल, असे त्या वेळी सांगण्यात आले. चर्चा ओसरली, परंतु प्रश्न जागेवरच आहे, आणि नवा अभ्यासक्रम दहावीच्या वर्गापर्यंत पोहोचण्याआधी त्याचा नीट विचार व्हावा यासाठी हे पत्र लिहीत आहे. बीड जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत मी निवृत्त होईपर्यंत गणित शिकवले. आजही जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षेला बसणारी गावातली मुले माझ्याकडे येतात, त्यामुळे गणितात राहिलेल्या मुलाचे पुढे काय होते हे मी जवळून पाहत आले आहे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगते. गणितात कमी गुण मिळाल्यामुळे काही वाटा बंद होतात आणि त्यातल्या काही बंद होणे रास्तही आहे. परंतु आपल्याकडे त्यापेक्षा कितीतरी जास्त वाटा बंद होतात, कारण एका विषयापायी संपूर्ण दहावीचे प्रमाणपत्र अडते. आराखड्यातील तरतूद हे प्रमाणपत्र मोकळे करते, ही तिची चांगली बाजू आहे. पण त्याच वेळी ती पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या कागदावर त्याच्या उरलेल्या आयुष्याबद्दलचा निर्णय लिहून ठेवते. पहिली गोष्ट करावी आणि दुसरी करू नये, एवढीच माझी विनंती आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू, कारण या विषयावर पालकांच्या मनात भीती फार आहे आणि माहिती कमी. दहावीनंतर कला शाखेला गणित लागत नाही. वाणिज्य शाखेत ते ऐच्छिक आहे. विज्ञान शाखेतही जीवशास्त्राचा गट घेणाऱ्याला बारावीला गणित सोडता येते आणि वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत गणिताची प्रश्नपत्रिका नसते. कायदा, पत्रकारिता, समाजकार्य, भाषा, इतिहास, ललित कला, परिचर्या या क्षेत्रांत दहावीच्या बीजगणित-भूमितीवाचून कोणाचे अडत नाही. उलट तंत्रनिकेतनाची पदविका, अभियांत्रिकी, सांख्यिकी, अर्थशास्त्राचा वरचा अभ्यास किंवा राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची लेखी परीक्षा यांत गणिताला पर्याय नाही, आणि नसावाही. ज्याला पूल बांधायचा आहे त्याला त्रिकोणमिती आलीच पाहिजे. यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

खरी अडचण या दोन टोकांच्या मध्ये आहे. वर सांगितलेल्या पहिल्या प्रकारच्या सगळ्या वाटा दहावी उत्तीर्ण झालेल्यासाठी आहेत. ज्या मुलाला मराठीत साठ, इतिहास-भूगोलात पंचावन्न आणि गणितात बावीस गुण आहेत, त्याला गणित नको असलेल्या अभ्यासक्रमातही सरळ प्रवेश मिळत नाही. एटीकेटीची, म्हणजे एक-दोन विषय राहिले तरी अकरावीला प्रवेश देण्याची, सोय आहे आणि ती चांगली आहे, परंतु तो प्रवेश तात्पुरता असतो, आणि राहिलेला विषय सुटला नाही तर मूल पुन्हा जिथे होते तिथेच येते. ज्या घरात शिक्षणाची सवय आहे तिथे एटीकेटी म्हणजे एक अडथळा असतो. ज्या घरातले पहिलेच मूल दहावीपर्यंत पोहोचले आहे तिथे ‘राहिला’ हा शब्द कानावर पडला की शाळा संपते. मुलीच्या बाबतीत तर निकाल आणि सोयरिकीची बोलणी यांच्यात अनेकदा फारसे अंतर उरत नाही. निकालाच्या दुसऱ्या दिवशी शाळेत आलेल्या आया मला एकच प्रश्न विचारत: “बाई, आता हिला कशाला बसवायचं घरी?” बसवायचे म्हणजे अभ्यासाला, हे सांगायला नको.

नोकऱ्यांचेही असेच आहे. टपाल खात्यातील ग्रामीण डाक सेवकाच्या भरतीला वेगळी परीक्षा नसते, दहावीच्या गुणांवरच निवड होते, आणि दहावीत गणित व इंग्रजी हे विषय उत्तीर्ण असणे ही त्यातली स्पष्ट अट आहे. गावात राहून करता येण्याजोगी ही सरकारी नोकरी आमच्या भागातल्या मुलामुलींना फार हवीशी वाटते. अंगणवाडी सेविकेच्या पदासाठी आता बारावी लागते, पोलीस शिपाई भरतीलाही बारावी लागते, आणि दहावी अडली की बारावीचा प्रश्नच उरत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री किंवा जोडारी (फिटर) या व्यवसायांना गणित-विज्ञानासह दहावी उत्तीर्ण असावे लागते. तारतंत्री (वायरमन), संधाता (वेल्डर), सुतारकाम यांसारख्या व्यवसायांना दहावी अनुत्तीर्ण विद्यार्थीही चालतो. तिथे जाणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांनाही कार्यशाळा गणित शिकावेच लागते, तारतंत्रीला ओहमचा नियम आणि रोध काढणे चुकत नाही, आणि दहावीला बीजगणितात अडकलेली त्यांतली कितीतरी मुले हातात मीटर आल्यावर तेच समीकरण न अडखळता सोडवू लागतात. याचा अर्थ त्यांना गणित येत नव्हते असा होत नाही. मार्चमधल्या त्या दोन प्रश्नपत्रिकांपर्यंत ते त्यांच्याकडे पोहोचले नव्हते, इतकाच होतो.

ते का पोहोचले नव्हते, हे मला थोडे विस्ताराने सांगायचे आहे, कारण शेरा लिहिणाऱ्याने ते ऐकले पाहिजे.

आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात आणि पट्टा पडल्यावर म्हणजे हंगाम संपल्यावर परततात. हंगामी वसतिगृहांमुळे काही मुले गावात राहतात, पण सगळी नाही, आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला मोठ्या मुलीला सोबत नेले जाते हे सर्वांना माहीत आहे. आता शालेय वर्षाकडे पाहा. चौथी-पाचवीत अपूर्णांक पक्के व्हायचे, सहावी-सातवीत ऋण संख्या, गुणोत्तर, शेकडेवारी आणि बैजिक राशी यायच्या, आणि या सगळ्याचा मोठा भाग दुसऱ्या सत्रात शिकवला जातो. ते मूल त्या वेळी उसाच्या फडात असते. इतिहासाचा एक धडा बुडाला तर पुढचा धडा कळतो. गणितात तसे होत नाही. आठवीपर्यंत मूल बहुतेक वेळा वरच्या वर्गात जात राहते, नववीत शाळेला जाग येते, आणि दहावीच्या वर्गात माझ्यासमोर असा मुलगा बसतो ज्याला वर्गसमीकरणाचे सूत्र तोंडपाठ आहे, पण ज्याच्या उत्तरात दर वेळी चिन्ह चुकते. चूक वर्गसमीकरणातली नसते. ती सातवीतल्या हिवाळ्यातली असते.

एका मुलीची वही मला आजही आठवते. तिचे आईवडील टोळीबरोबर जात आणि कोयत्याचा म्हणजे त्या दोघांच्या जोडीचा हिशेब ही मुलगी ठेवत असे, कारण मुकादमाने लावलेला हिशेब वडिलांना पटत नसे आणि पटला नाही तरी त्यांना बोलता येत नसे. वहीच्या डाव्या बाजूला तारीखवार टन, उजव्या बाजूला खाडे, खाली टनामागचा दर लावून झालेली मजुरी, त्यातून वजा झालेला किराणा आणि दवाखाना, आणि शेवटी उचलीतून, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेतून, किती फिटले व किती राहिले. ऐंशी हजार उचल असून तीस हजार फिटले तर पन्नास हजार अंगावर राहतात, हे ती क्षणात सांगे. त्याच मुलीने चाचणीत ‘उणे ८० अधिक ३०’ याचे उत्तर ‘उणे ११०’ लिहिले होते. मी तिला तिची वही काढायला लावली आणि उचल म्हणजे उणे, फेड म्हणजे अधिक, असे मांडून दाखवले. त्यानंतर चिन्हांची चूक तिने क्वचितच केली. पण तोवर फेब्रुवारी उजाडला होता, अंकगणिती श्रेढी, समरूपता, वर्तुळ, त्रिकोणमिती असे सारे तसेच पडून होते, आणि मार्चमध्ये गणित राहिले. जुलैच्या पुरवणी परीक्षेतही थोडक्यात राहिले. पुढच्या हंगामात ती टोळीबरोबर गेली. आज ती दोन बचत गटांचे हिशेब लिहिते, कर्जाचे हप्ते आणि व्याज काढते, बँकेतली माणसे तिच्याशीच बोलतात. ग्रामीण डाक सेवकाची जाहिरात आली तेव्हा तिला अर्ज करता आला नाही.

आता आराखड्यातील तरतूद तिच्या बाबतीत लावून पाहा. गणितात तिला तीसच्या आसपास गुण होते, म्हणजे ती दहावी उत्तीर्ण झाली असती. अकरावी-बारावी कला शाखेतून झाली असती, कदाचित पदवीही झाली असती. ही तरतूद केवळ गुणवत्ता खाली आणणारी आहे असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, त्याचे कारण हेच. पण तिच्या गुणपत्रिकेवर शेराही आला असता. डाक सेवकाची भरती करणाऱ्या अधिकाऱ्याने त्या शेऱ्याचा काय अर्थ लावला असता? खासगी पतसंस्थेने तिला कारकून म्हणून घेतले असते का? शेऱ्याचा हेतू कितीही मर्यादित असला तरी तो वाचणारा माणूस मर्यादा पाहत नाही. ‘गणित येत नाही’ असे शासनाने लेखी दिलेले आहे, एवढेच तो पाहतो. काही वर्षांपूर्वी याच राज्याने गुणपत्रिकेवरचा ‘अनुत्तीर्ण’ हा शब्द काढण्याचे ठरवले, ते अशा शब्दाने मुलाच्या मनावर आणि घरातल्या त्याच्या स्थानावर होणारा परिणाम ओळखूनच. तोच परिणाम दुसऱ्या शब्दांत परत आणू नये.

शेऱ्याला माझा दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. मंडळाचे काम मुलाला काय येते ते मोजण्याचे आणि ते प्रामाणिकपणे कागदावर मांडण्याचे आहे. पुढच्या अभ्यासक्रमाला किती गणित लागेल हे त्या अभ्यासक्रमाने ठरवायचे असते. तंत्रनिकेतनाने, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेने, कनिष्ठ महाविद्यालयाने आपापल्या अटी घालाव्यात, त्या आजही घातलेल्या आहेतच. ज्याच्या गुणपत्रिकेवर गणितात २६ आहेत त्याला पदविकेला घ्यायचे की नाही हे तो आकडा पाहून ठरवता येते. त्यासाठी ‘यापुढे कधीही नाही’ असे लिहिण्याची गरज नाही. वयाच्या सोळाव्या वर्षी मिळालेला गुण हा त्या वर्षीचा असतो. शेरा मात्र त्या गुणाला कायमचा करतो.

परंतु केवळ शेरा काढून टाका आणि २० ची रेषा राहू द्या, असेही मी म्हणणार नाही. गणिताच्या शंभर गुणांपैकी ८० गुण लेखी परीक्षेचे, भाग १ (बीजगणित) आणि भाग २ (भूमिती) मिळून, आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. हे २० गुण बहुतेक शाळांत सढळ हाताने दिले जातात, हे आपणही जाणता आणि आम्ही शिक्षकही जाणतो. गुणांची ही रचना आहे तशीच राहिली आणि उत्तीर्णतेची रेषा २० वर आली, तर लेखी परीक्षेत जवळजवळ काहीही न लिहिता मुलगा गणितात उत्तीर्ण होईल. नववीत तो कच्चा आहे हे माहीत असूनही शाळेला त्याच्यासाठी काही करण्याचे कारण उरणार नाही. गणित आणि विज्ञान यांचे गुण एकत्र धरून उत्तीर्ण करण्याच्या सोयीमुळे आधीच काही मुले बारीकशा फटीतून पार होतात, पण निदान त्या फटीसाठी त्यांना थोडे शिकावे लागते. शिवाय वरच्या टप्प्यावर त्यांची गाठ गणिताशी पुन्हा पडतेच, फक्त ते गणित वेगळे असते. पोलीस शिपाई भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित हा चारपैकी एक घटक आहे. तिथे शेकडेवारी, सरासरी, नफा-तोटा, काळ-काम-वेग विचारतात. बँकांच्या आणि इतर स्पर्धा परीक्षांतही साधारण हाच पाया लागतो. म्हणजे ज्या मुलांना आपण दहावीला स्पर्शिकेचे प्रमेय येत नाही म्हणून अडवतो, त्यांना पुढे आयुष्यात सातवी-आठवीच्या अंकगणिताचीच परीक्षा द्यायची असते, आणि त्याची खात्री आपण कधीच करून घेतलेली नसते.

इथे मंडळाच्याच एका जुन्या सवलतीकडे आपले लक्ष वेधते. अध्ययन अक्षमता असलेल्या, विशेषतः गणनाची अडचण असलेल्या विद्यार्थ्यांना दहावीच्या बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या स्तराचे अंकगणित आणि जोडीला कार्यानुभवाचा एखादा विषय घेता येतो. ही सवलत अतिशय योग्य आहे. तिने कितीतरी मुलांना दहावीच्या पुढे नेले. पण तिच्यासाठी लागणारे प्रमाणपत्र मुंबईतील लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी, तज्ज्ञांच्या तपासण्या करून मिळते. शहरातला जाणता पालक पाचवी-सहावीतच तिथे पोहोचतो. आमच्या भागात गणनाच्या या अडचणीचे ‘डिस्कॅल्क्युलिया’ हे नावही शिक्षकांना उशिरा कळला, मग पालकांची काय कथा. जून २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांच्या याचिकेच्या सुनावणीत, दहावीला गणित ऐच्छिक करता येईल का, असे शिक्षण मंडळांना विचारले होते, तेव्हाही प्रश्न याच मुलांचा होता. सातवीचे अंकगणित आलेल्या मुलाला दहावीचे प्रमाणपत्र देता येते हे तत्त्व मंडळाने मान्य केलेले आहेच. मग ज्याची तपासणी झाली नाही, किंवा ज्याची अडचण मेंदूतली नसून फडावर गेलेल्या चार हिवाळ्यांची आहे, त्याला वेगळा न्याय का?

माझ्या मते उपाय दोन स्तरांच्या गणितात आहे. काही वर्षे मंडळाने सामान्य गणिताचा पर्याय दिलेला होता आणि पुढे तो बंद केला. तो फसला असे म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे काही अंशी बरोबर आहे. आमच्याकडे तो ‘ढ’ मुलांचा विषय ठरला, शाळांनी तो शिकवण्यात जीव ओतला नाही, आणि निकालाची टक्केवारी वाढवण्याचे साधन म्हणून त्याचा वापर झाला. पण त्यातून काढायचा धडा हा की तो पर्याय अधिक चांगल्या रीतीने राबवायला हवा होता. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२० च्या परीक्षेपासून दहावीला गणिताचे प्रमाणित आणि मूलभूत असे दोन स्तर केले. अभ्यासक्रम एकच, वर्गातले शिकवणे एकच, प्रश्नपत्रिकेची काठिण्यपातळी वेगळी. मूलभूत स्तरावर उत्तीर्ण झालेल्या मुलाला नंतर वाटलेच की पुढे गणित घ्यावे, तर तो पुरवणी परीक्षेच्या वेळी प्रमाणित स्तराची परीक्षा देऊ शकतो. यातली ही शेवटची सोय मला सर्वांत मोलाची वाटते. तिथे मूल आपला निर्णय बदलू शकते, आणि आपल्या आराखड्यातील शेरा नेमकी तीच मुभा काढून घेतो.

आपल्या राज्यात मूलभूत स्तर करायचा तर तो केवळ सोपी प्रश्नपत्रिका एवढ्यावर थांबू नये, असे मला वाटते. बालभारतीच्या दहावीच्या पुस्तकात अर्थनियोजनाचे प्रकरण आहे, त्यात वस्तू व सेवा कर आणि शेअर्स आहेत. सांख्यिकी आहे, संभाव्यता आहे, महत्त्वमापन आहे. हे सारे राहावे. त्याला अपूर्णांक, गुणोत्तर, शेकडेवारी, सरळव्याज-चक्रवाढव्याज, क्षेत्रफळ-घनफळ, आलेख वाचणे यांची भक्कम जोड द्यावी. विहिरीतले पाणी, शेताचे गुंठे, पीककर्जाचे व्याज, वीजबिलातले युनिट यांवर प्रश्न असावेत, आणि ते खरोखर अवघड असावेत. अशा प्रश्नपत्रिकेत ३५ गुण मिळवणाऱ्या मुलाबद्दल मी कोणालाही छातीठोकपणे सांगेन की याला व्यवहाराचे गणित येते. वीस गुणांवर पुढे ढकललेल्या मुलाबद्दल मला असे काहीच सांगता येणार नाही, आणि भरती करणाऱ्यालाही काही कळणार नाही. अशा स्तरावर उत्तीर्ण झालेल्याला डाक सेवक, कारकून, वीजतंत्री यांसाठी पात्र धरावे यासाठी राज्य शासनाने संबंधित खात्यांशी बोलावे लागेल, हे मला माहीत आहे. ते काम मंडळाच्या एकट्याच्या हातात नाही, पण त्याची सुरुवात मंडळच करू शकते.

आणि परत येण्याची वाट. आज दहावी राहिलेल्या मुलासाठी पुरवणी परीक्षा आहे, शाळा सुटलेल्यांना खासगीरीत्या परीक्षेला बसू देणारा सतरा नंबरचा फॉर्म आहे, राज्याचे मुक्त विद्यालय मंडळ आहे, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, जिथे दहावीला गणित सक्तीचे नाही. कागदावर वाटा पुष्कळ दिसतात. प्रत्यक्षात तालुक्याच्या ठिकाणी या वाटा सांगणारा माणूस नसतो. निकालाच्या दिवशी शाळेत जी गुणपत्रिका हातात पडते तिच्यासोबत एक साधे पान द्यावे, मराठीत, मोठ्या अक्षरांत: राहिलेला विषय कुठे, कधी, किती शुल्कात पुन्हा देता येईल, आणि तोपर्यंत कोणत्या अभ्यासक्रमांना प्रवेश मिळेल. छपाईचा खर्च फारसा नाही. मार्च २०२५ च्या परीक्षेचा राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला तेव्हा वर्तमानपत्रांत त्या टक्केवारीचे मथळे आले. उरलेल्या पाच-सहा टक्क्यांत नव्वद हजारांहून अधिक मुले होती, आणि त्यांच्यापैकी किती जणांच्या घरात असे पान वाचणारे कोणी आहे, याचा विचार करून ते पान लिहावे. गणिताचा एकच विषय पुन्हा द्यायचा असेल तर तो कोणत्याही वयात, वर्षातून दोनदा, तालुक्याच्या केंद्रावर देता यावा, आणि त्यात मिळालेले नवे गुण जुन्या गुणांच्या जागी गुणपत्रिकेवर यावेत. पंचविसाव्या वर्षी बचत गटाचे हिशेब लिहिणाऱ्या बाईने बीजगणिताची परीक्षा देऊन ती सोडवली, तर मंडळाच्या कागदावर ती सोळाव्या वर्षीची मुलगी राहू नये.

शिक्षकांबद्दलही एक वाक्य लिहिल्याशिवाय राहवत नाही. नववीच्या पहिल्या महिन्यात प्रत्येक मुलाचे अपूर्णांक आणि चिन्हे तपासावीत आणि ज्याची पाटी कोरी आहे त्याला दिवाळीपर्यंत फक्त तेवढेच शिकवावे, ही मोकळीक आम्हाला कधीच नव्हती, कारण भाग १ आणि भाग २ चा अभ्यासक्रम पूर्ण झाल्याची नोंद वेळेत द्यावी लागे. ती मोकळीक द्या. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही, लेखी परिपत्रक लागते. ऊसतोड पट्ट्यातल्या शाळांना तर ती सर्वांत आधी द्यावी.

आराखड्यातील ही तरतूद अंतिम करण्यापूर्वी मंडळाने छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळाच्या क्षेत्रात, शक्य तर बीड, धारूर किंवा पाटोदा यांपैकी एखाद्या ठिकाणी, नववी-दहावीला गणित शिकवणाऱ्या शिक्षकांची आणि पुरवणी परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्यांची बैठक घ्यावी. टोळ्या निघण्याआधी, म्हणजे सप्टेंबरपर्यंत ती झाली तर पालकही येऊ शकतील. बैठकीला मी येईन, आणि मुलांच्या उत्तरपत्रिकांत नेमके कुठे अडते याची टिपणे माझ्याकडे आहेत, ती सोबत आणीन.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त गणित शिक्षिका,
जि. बीड